नाकतोड्याचं नाक

फळ्यावर नाकतोड्याचं हातभर चित्र काढून बाईंनी आपला ठेवणीतला प्रश्न टाकला, "सांगा बघू, नाकतोड्याचं नाक कुठे असतं?"

वर्गाने डोळे फाडून शोधलं. कुणी मिशांकडे बोट दाखवलं, कुणी डोळ्यांच्या मध्ये.

"नावातच काय ते नाक, बाकी नाहीच," असं म्हणत बाईंनी त्याच्या पोटाच्या कडेने बारीक ठिपके दिले. "ही छिद्रं. श्वास घेतो तो इथून. तोंड फक्त चरायला."

सगळा वर्ग खो खो हसला. शेवटच्या बाकावरची मुलगी तेवढी हसली नाही. तिची तान्ही बहीण झोपेतच गेली, तेव्हापासून तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. आज मात्र तिचा हात वर होता. बाईंना कोण आनंद झाला.

"विचार गं, विचार."

"बाई, मग त्याचं तोंड दाबून धरलं तर तो मरत नाही?"

"छे, खुशाल दाब. पोट मोकळं आहे ना, मग श्वास चालूच. शाब्बास, असे प्रश्न पडायला हवेत. कसं सुचलं तुला हे?"

मुलगी फळ्यावरच्या ठिपक्यांकडे बघत राहिली.

"आमच्या छकुलीलापण अशी छिद्रं हवी होती," ती म्हणाली. "रडायची थांबेना म्हणून बाबांनी तिचं नुसतं नाकतोंड दाबलं होतं. पोट मोकळंच होतं."