हट्टीच आहे हो ती

"आज पुन्हा जमिनीवर अंग टाकलं हिनं," बाई म्हणाल्या. "पाय काय झाडले, किंचाळली काय! वही मागितली, एवढंच निमित्त. पूर्वी अशी नव्हती हो. घरी काही झालंय का?"

मुलगी आईच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत उभी होती. अगदी गरीब गाय.

आईच्या मनात आलं, सांगून टाकावं का? डॉक्टरांनी तर बजावलंच होतं, शाळेत कळवा, फिट आली तर काय करायचं ते त्यांना माहीत हवं. पण ‘फिट’ हा शब्द ती घरातसुद्धा तोंडातून काढत नसे. त्यात शेजारच्या खुर्चीवर दुसरी एक आई कान टवकारून बसलेली.

"हट्टीच आहे हो ती," आई हसून म्हणाली. "बाबांनी लाडावून ठेवलीय."

वाक्य सरावाचं होतं. मागे आत्याच्या घरी, ऐन पाहुण्यांत, मुलीला फिट आली. आईनं तिला उचललं, आतल्या खोलीत नेलं, ओठांवरचा फेस पुसला. मुलगी भानावर येतेय म्हटल्यावर दारात येऊन तिनं सगळ्यांना हेच सांगितलं होतं. पाहुणे हसले. वेळ निभावली म्हणून तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. पलंगावरून मुलगी टुकुटुकु बघत होती, तिकडे कोण लक्ष देतंय!

"बाकीची मुलं घाबरतात," बाई म्हणाल्या. "असंच चाललं तर तुम्हाला दुसरी शाळा बघावी लागेल."

आई मान खाली घालून बाहेर पडली. फाटकाबाहेर येताच तिनं मुलीचा दंड धरला.

"चारचौघांत माझं नाक कापलंस! लाज नाही वाटत? काय मिळतं गं तुला असं करून?"

मुलगी बावरली. शाबासकी सोडून हे काय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"तूच आत्याकडे म्हणालीस ना, मी हट्टी आहे? म्हणून मी रोज थोडा थोडा हट्ट करते. म्हणजे खरंच तसं झालं, तर कुणाला कळणारच नाही."

आईची पकड सुटली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलीनं तिचा हात ओढला आणि हळूच विचारलं, "बाईंना खरं वाटलं ना गं?"