उवेचं अस्वल

गेल्या वसंतात कामचाटकात उवे या जर्मन शिकाऱ्याची गोळी जरा खाली गेली आणि अस्वल नुसतंच जखमी झालं. त्याला शोधायला वाटाड्या तिमोफेई झुडपात शिरला. अस्वलाने त्याला तिथेच मारलं.

यंदा उवे पुन्हा आला. तिमोफेईचा धाकटा भाऊ प्रोकोपी त्याला शिकारीला घेऊन गेला. एक मोठं अस्वल पडलं, तसा उवे बर्फात बसून रडायलाच लागला.

"हेच ना ते?"

"हेच," प्रोकोपी म्हणाला.

घरी तिमोफेईच्या बायकोने प्रोकोपीपुढे माशाचं सूप ठेवलं. "भावजी, खरंच तेच होतं?"

"नाही वहिनी. ते मी दादा गेला त्याच दिवशी मारलं होतं."

"मग हो का म्हणालात?"



"नाहीतर पुढच्या वर्षी परत आला असता."