चिमटीत दीड इंच

मास्तरांनी शेवटचं बटण लावलं, बरगडीपाशी शर्टाचं कापड चिमटीत धरलं आणि जाहीर केलं, "दीड इंच."

तिसऱ्या किमोनंतरची ती चौथी सकाळ होती. आई, ताई आणि मुलगा टाचणी दारात उभे होते. मास्तरांनी आरशाकडे पाहिलंच नाही. नेहमीसारखं त्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उभे काय राहिलात? चहा ठेवा. माणूस अजून मापात आहे."

चाळीस वर्षं कपडे शिवलेल्या या माणसाला गावासारखेच घरचेही मास्तर म्हणत. मुलालाही त्यांनी याच धंद्यात घातलं होतं. अंगानं किडकिडीत म्हणून त्याचं नाव टाचणी पडलं, ते तिशी आली तरी सुटलं नाही. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर, एवढाच संसार.

मास्तरांच्या पोटात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी सहा किमो सांगितल्या. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपली एकच अट पुढे केली. त्यांचा सख्खा भाऊ याच दुखण्यानं गेला होता. शेवटी शेवटी त्याच्या अंगावरचा शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा लोंबायचा, आणि ते काही मास्तरांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"औषध घेईन," ते डॉक्टरांना म्हणाले. "पण चिमटीत दीडाचे दोन इंच आले, की त्या दिवसापासून मी इथे येणार नाही. माप मला कळतं."

एकदा बोलले की बोलले, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

पहिल्या किमोतच अंग उतरायला लागलं. तेव्हा ताईनं युक्ती काढली. पुढच्या खेपेला दवाखान्याचा जिना चढताना आधार द्यायच्या निमित्तानं तिनं वडिलांच्या कमरेला हात घातला आणि बोटं कुठवर पोचतात ते मनात धरून ठेवलं. मास्तरांना वर पोचवून, आईला जवळ बसवून ती तडक घरी आली आणि टाचणीला टेपवर फरक दाखवला. मग टाचणीनं कपाटातले चारही शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतले. पुढे दर खेपेला हाच क्रम. पँटची काळजी नव्हती, ती पहिल्यापासून खांद्यावरच्या पट्ट्यांवर असायची. वजनकाट्यावरचा आकडा नर्सनं मनातल्या मनात वाचायचा, तेही ताईनं जमवलं.

टाचणी मात्र घाबरलेला. शिवण संपली की दोऱ्याला गाठ मारायची त्याची सवय. मास्तर कधी गाठ मारत नसत. शेवटाला तीन टाके मागे जायचे आणि दोरा कापायचे.

"गाठ कशाला?" ते गिऱ्हाइकांसमोर मुलाला विचारायचे. "तुझ्या टाक्यावर तुझाच भरवसा नाही का?"

गिऱ्हाईक हसायचं, आणि टाचणी मान खाली घालून पुढची गाठ मारायचा. या शर्टांवर तर गाठ मारल्याशिवाय त्याला चैनच पडेना. फक्त ती तो दुमडीत लपवायचा.

तरी शर्ट बसले. दर खेपेला बसले. किमोनंतर दोन दिवस मास्तर पडून राहायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी टाचणी तयार कपडे पोचवायला बाहेर पडला, की उठून दुकानात यायचे आणि मशीनला तेल घालायचे. तो परतायचा तेव्हा दुकानभर तेलाचा वास असायचा. "बायकोपोरांपेक्षा यांना त्या मशीनचीच काळजी," असं आई म्हणायची. चौथ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट आणि ती चिमूट.

चौथ्या किमोला घोळ झाला. शाळेच्या गणवेशांची घाई होती. टाचणीनं एका शर्टाची डावी शिवण नागमोडी मारली, आणि शर्ट कपाटात टांगून झाल्यावर त्याच्या ते लक्षात आलं. तोवर मास्तर घरी येऊन त्याच खोलीत आडवे झाले होते. काढायची सोय राहिली नाही. चौथ्या सकाळी त्यांनी नेमका तोच शर्ट चढवला. टाचणीनं आधी डावी शिवण पाहिली. पण शिवण पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

"दीड इंच," मास्तर म्हणाले.

"माझा हात बसला गं," टाचणी नंतर ताईला म्हणाला. "उगाच घाबरलो. मास्तरांना चकवायचं म्हणजे काय खायचं काम आहे?"

"फार हवेत जाऊ नकोस," ताई म्हणाली, पण तीही हसली.

त्या दिवसापासून टाचणी ताठ मानेनं शिवायला लागला. ज्या कोटांना तो हात लावायला धजत नव्हता, ते त्यानं एकट्यानं कापले, शिवले, आणि गिऱ्हाइकांनी ते दुसऱ्यांना दाखवले. पाचवी किमो झाली, सहावी झाली. मग एके दिवशी डॉक्टरांनी काचेवर पोटाचा फोटो लावला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "गाठ राहिलेली नाही."

आई खुर्चीत बसली ती उठेचना. मास्तरांनी फक्त मान हलवली, ट्रायल नीट बसल्यावर हलवायचे तशी.

पुढे जेवण वाढलं, अंग भरू लागलं. दोन महिन्यांत चिमटीत अर्धा इंचही येईना. "साबण बदला," मास्तर कुरकुरले, "शर्ट आटायला लागलेत." आईनं पदराआड हसू दाबलं.

मास्तर आणि आई फिरायला गेलेले पाहून टाचणीनं चारही शर्ट उसवायला घेतले. आपलीच शिवण, आपल्याच हातानं सोडवायची, या आनंदात तो शीळ घालत होता. आधी गाठ कापली की शिवण भराभर सुटते. त्यानं पहिला शर्ट उलटा केला आणि दुमडीत नखानं गाठ चाचपली. लागली नाही. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग ती नागमोडी शिवण मारलेला चौथा खिडकीच्या उजेडात धरला.

शीळ थांबली. प्रत्येक शिवणीच्या शेवटाला दोरा तीन टाके मागे गेला होता. गाठ एकाही शर्टात नव्हती.