नुसता आवाज

"चित्र नको. नुसता आवाज लावा," रतनबाई म्हणाल्या आणि अंग चोरून खुर्चीवर बसल्या.

साराने ओंकार सरांचं भूजलावरचं व्याख्यान उघडलं, चित्र बंद केलं आणि हेडफोन पदरावरूनच त्यांच्या कानांवर चढवला.

संगमनेरच्या त्या कॉलेजात सारा ग्रंथपाल म्हणून नवीनच लागली होती. प्राध्यापकांची व्याख्यानं ग्रंथालयाच्या ऑनलाइन सेवेवर होती. हवं तर बघा, हवं तर नुसती ऐका. पोरं परीक्षा तोंडावर आली की ती दुप्पट वेगाने पळवत. मन लावून ऐकणाऱ्या एकट्या रतनबाई, आणि त्यांचा या विषयाशी काडीचा संबंध नव्हता.

याच कॉलेजात शिकणाऱ्या, शेजारच्या अश्विनीच्या मोबाईलवर हा आवाज कानावर पडला, तेव्हापासून दर मंगळवारी त्या पुणतांब्याहून बस बदलत यायच्या. पहिल्या दिवशी साराने विचारलं होतं, "हे सर तुमचे कोण?"

"पोरगा," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

साराने पुढे विचारलं नाही. असल्या जखमा खोदू नयेत. बाहेरच्यांना प्रवेश नव्हता, पण त्या नियमाकडे तिने काणाडोळा केला.

एकदा तिचा हात चुकला आणि पडद्यावर ओंकार सर दिसले. रतनबाईंनी चटकन तोंड फिरवलं. साराला भरून आलं. तिचा भाऊ गेला तेव्हा तिच्या आईनेही त्याचे सगळे फोटो कपाटात टाकले होते.

"छान शिकवतात," ती म्हणाली.

"ल्हानपनापास्नं बोलका. घसा बसलाय बगा. त्याला गार पानी चालत न्हाई."

आईच ती, अजून पाण्याची काळजी.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"कोन न्हाई. मालक गेल्या साली वारले. सून पुन्याला असती." साराच्या गळ्यातल्या क्रॉसकडे बघत त्या म्हणाल्या, "तुमच्यातलीच हाय. एंजेला."

"येतात का कधी?"

"न्हाई."

साराला त्या न पाहिलेल्या एंजेलाचा राग आला. नवरा गेल्यावर सासू कुणाला हवी असते?

मार्चमध्ये ही ऑनलाइन सेवा चालवणाऱ्या पुण्याच्या केंद्रातून फतवा आला. कॉलेज सोडून गेलेल्यांची व्याख्यानं काढून टाकणार. ठेवायची तर व्याख्यात्याची परवानगी हवी. साराने जपूनच सांगितलं.

"म्हंजे आवाज बंद हुनार?" रतनबाईंचा चेहरा उतरला.

"घरच्यांनी हो म्हटलं तर मी बघते काय करता येईल ते. तुम्ही हो म्हणा, मावशी."

"मी कोन हो म्हननार? मला नका इच्चारू, बाई." आणि त्या रडायला लागल्या. तोंडात पदराचा बोळा धरून, आवाज न करता.

साराला त्या दिवशी डबा गोड लागला नाही. तिने केंद्राला लिहिलं, 'या सरांची परवानगी आता मिळणं शक्य नाही. पण त्यांची म्हातारी आई दर मंगळवारी येऊन त्यांना ऐकते. तिच्याजवळ त्यांचं दुसरं काही उरलेलं नाही. एवढी व्याख्यानं राहू द्या.' उत्तर आलं नाही. सरकारी थाटाची कार्यालयं, त्यांना कसली आई न् कसलं काय.

पुढच्या मंगळवारी रतनबाई खिडकीजवळ डोळे मिटून ऐकत होत्या. काउंटरपाशी एक चाळिशीतला माणूस येऊन उभा राहिला.

"सारा मॅडम? तुमचं पत्र त्यांनी मला पाठवलं," तो म्हणाला. "मी ओंकार. परवानगी माझीच लागते."

आवाज तोच होता. साराने नुसता खिडकीकडे हात केला.

तो गेला, खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसला आणि हलक्या हाताने आईच्या कानांवरचा हेडफोन काढला.

"आई."

मिटलेले डोळे रतनबाईंनी आणखी घट्ट मिटून घेतले, आणि चाचपडत दोन्ही हात त्याच्या चेहऱ्यावरून फिरवले.

"तुज्या बापानं मरताना शब्द घेतलाय, तुजं तोंड बगायचं न्हाई म्हनून," त्या म्हणाल्या. "तू बोल, बाळा. नुसतं बोलत ऱ्हा."