काट्यांमागचे दिवे

भर दुपारी दिव्याचा उजेड तपासायचा, म्हणून मेकॅनिक उस्ता बय्यूमीनं गाडीच्या काचांवर चारी बाजूंनी घोंगड्या टाकल्या होत्या. आत अंधारात दोघं म्हातारे खांद्याला खांदा लावून बसले होते. बय्यूमीनं बटण ओढलं. पुढचे मोठे दिवे लागले. पण समोरच्या पाटीवरचे चार काटे, वेगाचा, पेट्रोलचा, तेलाचा आणि पाण्याचा, जेमतेम दिसले न दिसले इतकेच उजळले.

"पस्तीस वर्षं हे असंच आहे," हाज्ज रिफअत म्हणाले. "ही गाडी जन्मालाच अशी आली."

सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलियात जुन्या गाड्यांचं वायरिंग करण्यात बय्यूमीचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि सकाळपासून या गाडीनं त्याला चकवलं होतं. फ्यूज चांगला होता. उजेड कमीजास्त करायचं बटण त्यानं खोलून घासलं, अर्थिंगची वायर नवी टाकली. फरक शून्य. ही गाडी अगदी तुमच्यावर गेलीय, असं तो मघाशी म्हणालाच होता. काय दुखतंय ते सांगायचं नाही आणि डॉक्टरला शिव्या घालायच्या.

एवढी वर्षं या दिव्यांवाचून अडलं नव्हतं. अंधार पडला की रिफअतच्या शेजारी बसलेली एनायात पर्समधली छोटी विजेरी काढून काट्यांवर धरायची आणि नवऱ्याला वाचून दाखवायची. पाणी ठीक, पेट्रोल अर्धं, वेग जास्त. वेग तिच्या मते नेहमीच जास्त असायचा. ती जाऊन सहा महिने झाले. गेल्या महिन्यात तिन्हीसांजेला कालव्याच्या रस्त्यावर रिफअतना पाण्याचा काटा दिसला नाही आणि इंजिन उकळलं. कुवेतहून मुलानं, हातेमनं, फोनवर बजावलं, काट्यांचे दिवे नीट होणार नसतील तर गाडी विकून टाकायची. मुलाचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. गाडी गेली की शेजारची सीटही जाणार. घरातल्या भिंतींशी बोलायला रिफअतना लाज वाटायची; त्या सीटशी बोलताना वाटत नसे.

बय्यूमीनं एक घोंगडी सारली आणि हात खालून पाटीमागे घालून पाहिला. पंजा आत शिरेना. मग त्यानं स्क्रू काढून सगळी पाटीच पुढे ओढली, एक दिवा उपसला आणि उन्हात धरला. धरला तसा हसायलाच लागला.

"हाज्ज, दिव्याला नीळ फासलीय. कपड्यांची नीळ. चारही दिव्यांना."

त्यानं थुंकी लावून दिवा फडक्यानं पुसला आणि दुसरा हातात घेतला. हे काम बाईमाणसाचं दिसतंय, असं तो पुसता पुसता म्हणाला. मी काढेपर्यंत एकही स्क्रू हललेला नव्हता, म्हणजे खालून हात घातलाय, आणि इथून आत जाईल असा हात लहानच असणार.

रिफअतना सगळं आठवलं. युद्धाच्या वर्षी, गाडी घेऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, गावात सगळ्यांनीच नीळ डिंकात कालवून खिडक्यांना आणि गाड्यांच्या दिव्यांना फासली होती, वरून विमानांना उजेड दिसू नये म्हणून. घर सोडून दोघं झगाझीग शहराकडे निघाले त्या संध्याकाळी नाक्यावरचा पहारेकरी ओरडला होता की गाडीच्या आतसुद्धा उजेड दिसतोय, मरायचंय का? रिफअत खाली उतरून त्याच्याशी हुज्जत घालत राहिले. परत आले तेव्हा एनायात हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसली होती. तिची बोटं निळी होती. पुढच्या दिव्यांवर आणखी एक हात फिरवला, असं ती म्हणाली होती.

आधी त्यांना राग आला. पस्तीस वर्षं त्यांनी ही गाडी बनवणाऱ्यांचा उद्धार केला होता, आणि ती शेजारी विजेरी धरून मुकाट ऐकत होती. युद्ध संपलं, सगळे घरी परतले, गावभर काचा पुसल्या गेल्या. तेव्हाही बोलली नाही. आधी ओरडा बसेल म्हणून बोलली नसेल. पण नंतर? नंतर विजेरी धरायला आवडत असेल तिला. हे मनात आलं आणि त्यांचा राग कुठच्या कुठे गेला. मागे जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

तीन दिवे लख्ख झाले होते. बय्यूमीनं चौथ्यावर थुंकायला तोंड उघडलं, तेवढ्यात रिफअतनी त्याचं मनगट धरलं.

त्या दिव्यावर नीळ घाईत लागली होती. मधोमध बोटाचा ठसा होता, रेघान् रेघ दिसणारा, लहान.

बय्यूमीनं ठसा पाहिला, मग हाज्जचा चेहरा पाहिला, आणि फडकं खिशात घातलं. माझ्याकडे नवा दिवा आहे, तो बसवतो, हा तुम्ही डबीत घालून घरी न्या, असं त्यानं हळूच सुचवलं.

"डबीत नको," रिफअत म्हणाले. "तिनं बसवला होता तिथंच बसव."

"हा वेगाच्या काट्याचा आहे. वेग कळायचा नाही तुम्हाला."

"कळेल."

सूर्यास्ताला मगरिबची अजान झाली तेव्हा गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली होती. मोठे दिवे लावताच तीन काटे स्वच्छ उजळले. चौथ्याच्या जागी अंधारात थोडी निळाई होती, बस्स. रिफअतनी वाकून एकेक काटा पाहिला.

"पाणी ठीक आहे," ते शेजारच्या सीटला म्हणाले. "पेट्रोल अर्धं. तेलही ठीक."

मग त्यांनी निळाईकडे बोट केलं.

"वेगाचं तू सांग."