परक्याच्या हातचं

"या आगगाडीच्या खुर्चीत धड बसता येत नाही, धड निजता येत नाही. त्यापेक्षा आपली बग्गी बरी," मेनो कुरकुरला.

"बग्गीनं शिकागोला पोचेपर्यंत तुझी दाढी गुडघ्याला लागेल," सलोमा म्हणाली. चिडून का होईना, तो बोलतोय याचंच तिला बरं वाटलं. डायलिसिसनं त्याचा पार चोथा केला होता. उद्या नवी किडनी बसायची होती. नाही बसली तर पुढचा हिवाळा दिसायचा नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

पलीकडच्या खिडकीशी नोरा होती. जीन्स, कानापर्यंत कापलेले केस. मिझुरीतल्या शेतावरून सकाळी तिनंच दोघांना मोटारीनं स्टेशनावर आणलं होतं.

"कॉफी घ्या, गरम आहे तोवर," म्हणत तिनं कप पुढे केला.

मेनो बाहेरचा मका बघत राहिला. नोरानं कप फळीवर ठेवला, हात मागे घेतला. मग त्यानं तो उचलला.

मागच्या सीटवरच्या बाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"तुमची ड्रायव्हर का हो?"

"मोटार तीच चालवते. आमच्या पंथात मोटार चालवायची नाही," सलोमा म्हणाली.

"तुम्ही आमिश लोक परक्याच्या हातचं घेत नाही वाटतं."

"परक्याच्या हातचं चालतं आम्हाला."

बाईंनी खात्री करून घ्यायला पेपरमिंटची गोळी पुढे केली. मेनोनं ती सरळ त्यांच्या हातातून घेतली, आभारही मानले. नोराला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"किडनी कुणाची मिळाली?"

"आहे कुणीतरी," मेनो म्हणाला. "डॉक्टरांच्या हातून घेतली तर चालेल, म्हणाले आमचे बिशप."

"मग काय, न्हाव्याच्या हातून घेणार?" बाई खुदकल्या. सलोमानं उगाचच टोपीच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या.

शिकागो आलं. नोरा आधी उतरली आणि तिनं वर हात दिला. दांडा घट्ट धरून मेनो पायरीवरच थांबला. मागे माणसं खोळंबली.

"दुसरं कुणी आहे का बघ," तो पुटपुटला.

नोराचा हात तसाच वर होता.

"धर तो हात, मेनो," सलोमा म्हणाली. पंथ सोडून गेलेल्याच्या हातचं काही घ्यायचं नाही, त्याला आपलं म्हणायचं नाही, या नियमापायी सतरा वर्षं त्या घरात कुणी न काढलेला शब्द तिच्या तोंडून निघाला. "उद्या आपल्याच लेकीची किडनी पोटात घालून घेणार आहेस."