तुमचा का आमचा

"ह्यो तुमचा का आमचा?" फौजदारानं विचारलं.

इंदापूरच्या कचेरीच्या ओट्यावर बाराजण बसले होते. अकरांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, बाराव्याच्या डोक्यावर नुसते केस. सरकारी कुरणात शिरून त्या अकरा जणांनी सकाळी कायदा मोडायचा म्हणून मूठमूठ गवत कापलं होतं. तिघांना विळा धरायचा कसा हेच ठाऊक नव्हतं. रतनशेठनी तर पहिल्याच फटक्याला स्वतःचा अंगठा कापला, आणि जास्त जयजयकार त्यांचाच झाला. त्याच वेळी, त्याच कुरणात, भीमा भारा कापत होता. एवढी माणसं आणि वर हलगी बघून त्याला वाटलं, आज सरकारनं गवत मोकळं केलं. पोलिसांनी सगळ्यांना एकदमच धरलं.

भीमाची जात सरकारनं कायद्यानंच गुन्हेगार ठरवलेली. म्हणजे रांगायला लागायच्या आधीपासून तो गुन्हेगार होता. त्यात मागं एकदा शिक्षाही झालेली.

"तुमचा असंल तर सहा महिने येरवडा," फौजदार मोहनरावांना म्हणाला. "आमचा असंल तर चोर. आता परत चोर ठरला की बायकापोरांसकट तारेच्या आत, वसाहतीत. मग सुटका न्हाय. मला दोन्ही चालतंय. पर मोटार थांबलीया, लवकर सांगा."

मोहनराव बारामतीचे वकील आणि तालुका सत्याग्रह मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी भीमाकडं प्रेमानं पाहिलं.

"तू गवत कशासाठी कापलंस, बाबा?"

"म्हशीपायी."

इमाम बांगडीवाल्यानं त्याला कोपरानं ढोसलं. "स्वराज्यापायी म्हण की, येड्या!"

"स्वराज्यापायी," भीमा म्हणाला.

"आरं, आत्ता म्हस म्हणालास," फौजदार म्हणाला.

भीमानं विचार केला. "म्हस बी हाय. स्वराज्य बी हाय."

"झालं!" रतनशेठनी फडक्यात बांधलेला अंगठा वर केला. "साक्ष फिरवली. मोहनराव, आपला आग्रह कशाचा? सत्याचा. आणि हा पहिल्याच प्रश्नाला दोन उत्तरं देतो."

"शेट, जंगल रयतेचं हाय, आसं सकाळी वरडत व्हता तुमी," इमाम म्हणाला. "मग रयतंतल्या माणसानं कापलं तर त्यो चोर कसा?"

"मूठभर कापलं तर सत्याग्रह. त्यानं भारा कापलाय. कुठंतरी रेघ मारायला नको?"

"म्हस मुठीवर भागत न्हाय, शेट."

"तेच म्हणतोय मी. त्याचा स्वार्थ आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी म्हैस आहे का?"

कुणाच्याच घरी नव्हती. होती ती त्यांनी आधीच भावाच्या दावणीला नेऊन बांधली होती, जप्तीत जायला नको म्हणून.

मोहनराव म्हणाले, "आपण हुकूमशहा नाही. मत घेऊ."

फौजदारानं खुर्ची मागवली. असलं काही त्यानं कचेरीत कधी बघितलं नव्हतं.

भीमा सत्याग्रही आहे, असा ठराव इमामनं मांडला. बाजूनं पाच हात वर झाले. सहावा भीमाचा होता. त्याला समजावून सांगण्यात आलं, की तो सत्याग्रही आहे का हे ठरल्याशिवाय त्याला सत्याग्रहींच्या सभेत मत देता येणार नाही. त्यानं हात खाली घेतला. विरुद्धही पाच आले. मग सगळे मोहनरावांकडं बघायला लागले. भीमाही बघायला लागला.

"मालक," तो म्हणाला, "पोरं ल्हान हायती."

मोहनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरंच आलं. "अध्यक्षानं तटस्थ राहायचं असतं रे," ते म्हणाले.

पाचाला पाच, म्हणजे ठराव पडला. लगेच रतनशेठनी दुसरा मांडला, की भीमाबद्दल या सभेला मनापासून सहानुभूती वाटते. तो एकमतानं मंजूर झाला.

"म्हंजे आमचाच," फौजदार उठत म्हणाला. त्यानं हवालदाराच्या कानात काहीतरी सांगितलं. हवालदार मान हलवून बाहेर गेला.

बेड्या पुरेशा नव्हत्या. दोरखंडही एकच होता. म्हणून बाराही जणांचे हात त्यालाच बांधले आणि वरात मोटारीकडं निघाली. पुढं मोहनराव, शेवटाला भीमा. बाहेर निम्मा गाव लोटला होता. हलगी कडाडली, गुलाल उडाला. कुणीतरी माणसं न बघता भराभर हार घालत आलं आणि हार संपेपर्यंत घालत गेलं. एक भीमाच्याही गळ्यात पडला. रतनशेठ मागं वळून बघत होते. पण हात बांधलेले, काढणार कसा?

भीमाची बायको छबूबाई कुरणापासनं पळत आली होती. कडेवर एक, हाताला एक, आणि मागं रडत एक. नवऱ्याला पोलिसांनी नेलं, म्हणजे काय होणार ते तिला पुरतं ठाऊक होतं. गर्दीतनं ती पुढं घुसली आणि तिला दोरखंड दिसला. दोरखंडाला वकील दिसले, शेठ दिसले. मग नवरा दिसला, हारासकट.

ती मट्‌कन खाली बसली. मग हसायला लागली. मग उठली आणि कडेवरचं पोर डोक्याच्या वर धरलं.

"बघ रं, तुजा बा गांधीवाला झाला! चोर न्हाय, बघ! गांधीबाबा की..."

"जय!" गाव ओरडला.

भीमा खाली बघून चालत राहिला. ती परत ओरडली, परत गाव ओरडला. मोटार धुरळा उडवून दिसेनाशी झाली तरी तिचा हात वरच होता.

हवालदार तिच्या मागंच उभा होता. तिचं ओरडून होईपर्यंत तो थांबला. मग घसा खाकरून म्हणाला,

"बाई, पोरं तीनच का आनखी हायती? गाडी केवढी सांगायची, ते कळाय पायजे."